आजारी शॅमेलिऑनच्या पिल्लाची काळजी : सांगली-साताऱ्याकडून नेहमी येणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही, पाळणारा आहे. सांगलीत विश्रामबागेत घर, गॅलरीलगतच्या खोलीत जाळीचे दोन पिंजरे आणि त्यात एकेक व्हेल्ड शॅमेलिऑन. मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाचा, डोक्यावर उभा तुरा असलेला हा सरडा. माझं पहिलं पिल्लू माझ्या अडाणीपणामुळे गेलं. त्यानंतर जे शिकलो ते इतरांना सांगत गेलो आणि फोन सुरू झाले. मिरज, इस्लामपूर, कराड, साताऱ्याहून येतात, काही तर रात्री साडेअकराला. तेच तेच विचारलं जातं म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय. उत्तरं साधारण एक ते सहा महिन्यांच्या व्हेल्ड पिल्लांना धरून आहेत.

पिल्लू दिवसा डोळे मिटून बसतंय. झोप येत असेल का?

नाही. शॅमेलिऑन रात्री झोपतो. दिवसा, लाईट चालू असताना, डोळे मिटलेले दिसले तर पिल्लू आजारी आहे, आणि बहुतेक वेळा आजच आजारी पडलेलं नाही. रानात जो प्राणी मरगळलेला दिसतो त्याला शिक्रा आधी उचलतो, त्यामुळे अंगात त्राण आहे तोवर हा सरडा दुखणं दाखवतच नाही. आपल्याला दिसतं तेव्हा गाडी बरीच पुढे गेलेली असते.

कारणं बरीच असतात. अंगात पाणी कमी पडलंय, डोळ्यात कचरा किंवा सुटलेली कातडी अडकलीय, अ जीवनसत्त्व कमी आहे, यूव्हीची (अतिनील किरणं देणारी) नळी फार जवळ लावलीय, किंवा आतून कसला तरी संसर्ग आहे. कोणतं ते घरी कळत नाही. त्या दिवशी एवढंच करा : कोमट पाण्याचा बारीक फवारा पाच-दहा मिनिटं पानांवर मारा, पिंजऱ्यातलं तापमान मोजा आणि डॉक्टरला फोन लावा. माणसांच्या डोळ्यांचे थेंब घालू नका. त्यातल्या काहींमध्ये स्टेरॉइड असतं आणि बुबुळाला जखम असेल तर ते चिघळतं.

इतकं उशिरा कळत असेल तर आधी कसं ओळखायचं?

वजनावरून. मी कुणालाही शॅमेलिऑन घेण्याआधी काटा घ्यायला सांगतो. सोनार वापरतात तसा छोटा डिजिटल काटा, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. त्यावर एक काडी आडवी ठेवायची, आकडा शून्यावर आणायचा आणि पिल्लाला काडीवर चढू द्यायचं. आठवड्यातून दोनदा, सकाळी खाऊ घालायच्या आधी, आणि आकडा वहीत लिहायचा.

माझ्या वहीतलं एक पान समोर आहे. तीन महिन्यांचं पिल्लू, सोमवारी १७.२ ग्रॅम, गुरुवारी १६.८, पुढच्या सोमवारी १५.९. या सगळ्या दिवसांत ते खात होतं, चढत होतं, माझ्यावर फुसकारत होतं. बघणाऱ्याला ठणठणीत वाटलं असतं. विष्ठा तपासली तर जंत निघाले. या वयात वजन वाढतच राहायला हवं. आठवडाभर तेवढंच राहिलं तरी मी सावध होतो, सलग दोनदा उतरलं तर डॉक्टर.

काट्याखालोखाल बघायची ती विष्ठा. ती तपकिरी, बांधीव असावी आणि सोबतचा युरेटचा खडू, म्हणजे सरड्याची घट्ट लघवी, पांढरा असावा. तो पिवळसर-नारिंगी झाला की पाणी कमी पडतंय. मग जीभ : किड्यावर नेम धरून चुकते का, अर्धवट बाहेर येऊन मागे जाते का. आणि पकड : बोटावर घेतलं की चिमट्यासारखी घट्ट लागायला हवी.

तोंड उघडं ठेवून बसतं. हे काय?

दोन गोष्टी असू शकतात, आणि त्यांतला फरक पाच मिनिटांत कळतो. उन्हाच्या बल्बखाली अंग फिकट करून तोंड उघडलं असेल तर त्याला उकडतंय. बल्ब बंद करा, सावलीत घ्या, फवारा मारा. तोंड मिटलं की झालं.

पण गार जागेतही तोंड उघडंच आहे, नाक वर करून बसलंय, श्वास घेताना चट-चट किंवा शिट्टीसारखा आवाज येतोय, ओठाशी फेस किंवा चिकट लाळ दिसतेय, तर तो फुप्फुसांचा संसर्ग. हा घरी बरा होत नाही. वाफ, विक्स, काढा यांतलं काही नको. पावसाळ्यात हे फोन सर्वांत जास्त येतात. काचेच्या टाकीत पिल्लू ठेवलेलं, बाहेर पाऊस, आत फवारा, आणि हवा हलायला जागा नाही. रात्री दमट चालतं, पण दिवसा पिंजरा वाळला पाहिजे. म्हणूनच जाळीचा पिंजरा.

पाय वाकलेत, फांदीवरून पडतंय, कोपरं टेकून चालतंय.

हा हाडांचा आजार. हाडं कॅल्शियमअभावी मऊ पडतात, लहान मुलांच्या मुडदुसासारखं. मांडीची आणि दंडाची हाडं धनुष्यासारखी वाकतात, खालचा जबडा रबरी होतो, पाय थरथरतात, आणि साध्या उचलण्यानेही हाड मोडू शकतं. पिल्लांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत सोपा टाळता येणारा आजार हाच.

माझं पहिलं पिल्लू यातच गेलं. दुकानदाराने “यूव्ही बल्ब” म्हणून एक जांभळट दिवा दिला होता. मी रोज बारा तास तो लावायचो आणि खोली डान्सबारसारखी दिसायची. तो निघाला जांभळ्या रंगाचा साधा एलईडी. यूव्ही-बी त्यात शून्य. मी इमाने इतबारे किड्यांना कॅल्शियमची पावडर लावत होतो, पण ती आतड्यातून शोषली जायला ड-३ जीवनसत्त्व लागतं, आणि ते कातडीत तयार व्हायला यूव्ही-बी. पावडर जशीच्या तशी बाहेर पडत होती. अडीच महिन्यांनी ते फांदीवरून खाली पडलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पडलं. मला वाटलं, खोडकर आहे.

तर काय लागतं? सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची यूव्ही-बी नळी, ५ किंवा ६ टक्क्यांची, पिंजऱ्याच्या वर, मध्ये काच किंवा प्लॅस्टिक नाही. काच यूव्ही-बी अडवते, त्यामुळे खिडकीतून येणाऱ्या उन्हाचा या कामी उपयोग नाही. पिल्लू जिथे बसतं ती सर्वांत वरची फांदी नळीपासून साधारण २० ते २५ सेंटिमीटर खाली. नळी वर्षाने बदलायची, ती पेटत असली तरी. उजेड टिकतो, यूव्ही-बी घटत जातं.

ड-३ विरहित साधी कॅल्शियम पावडर प्रत्येक खाण्याला, किड्यांवर नुसती भुरभुरायची. किडा पेढ्यासारखा पांढरा झाला तर जास्त झालं. ड-३ आणि जीवनसत्त्वांची पावडर पंधरा दिवसांतून एकदा. यापेक्षा जास्त ड-३ अपाय करतं.

पाय वाकलेले दिसलेच तर पिंजऱ्यातल्या फांद्या खाली आणा, तळाला टॉवेल अंथरा, हाताळणं पूर्ण बंद, आणि डॉक्टर. कॅल्शियम तोंडाने द्यायचं की इंजेक्शनने, किती आणि किती दिवस, हे त्यांनी ठरवायचं.

घरात म्हशीसाठी आणलेलं कॅल्शियमचं औषध आहे. थेंबभर दिलं तर?

हा प्रश्न पलूस, वाळवा, कराड भागातून हमखास येतो आणि मला त्यात गैर वाटत नाही. गोठा असलेल्या घरात ती मोठी बाटली असतेच. पण देऊ नका. त्यात कॅल्शियमबरोबर फॉस्फरस, ड-३, ब-१२ असतं आणि मात्रा पाचशे किलोच्या जनावराची असते. पंधरा ग्रॅमच्या जीवाचा थेंब त्यातून काढता येत नाही.

पानाला लावायचा चुना तर मुळीच नको, तो तोंड भाजतो. पक्ष्यांच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस वस्त्रगाळ करून किड्यांना लावला तर चालतो, पावडर येईपर्यंतची सोय म्हणून.

आणि हो, हळद. सांगलीकर आहे म्हटल्यावर जखमेवर हळद आलीच. आपल्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, अभिमान मलाही आहे, पण पिल्लाच्या जखमेवर पूड चिकटून बसते, खाली काय चाललंय ते डॉक्टरला दिसत नाही. सलाईनने धुवा, बस.

रोज उन्हात ठेवलं तर नळी लागणार नाही ना?

ऊन नळीपेक्षा उत्तम, फुकट, आणि आपल्याकडे मुबलक. पण चुकीच्या पद्धतीने दिलेलं ऊन पिल्लू वीस मिनिटांत मारतं. जाळीच्या पिंजऱ्यातच ठेवायचं, काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या डब्यात कधीच नाही. अर्ध्या पिंजऱ्यावर पानांची सावली हवी, म्हणजे नको वाटलं की ते स्वतः आत जाईल. हिवाळ्यात नऊ ते दहाच्या सुमारास पंधरा-वीस मिनिटं. मार्च उजाडला की नऊच्या आत आवरायचं. आणि समोरून हलायचं नाही. कावळा, मांजर, मुंगळे, सगळे टपलेले असतात. पावसाळ्यात आठवडाभर सूर्य दिसत नाही, त्यामुळे नळी लागतेच.

एप्रिल-मेमध्ये खोलीच ३७-३८ अंश होते. मग बल्ब?

बंद. पुस्तकी आकडे असे : पिल्लाला बसायच्या जागी २८ ते ३०, बाकी पिंजऱ्यात २३ ते २६, रात्री २० च्या आसपास. हे आकडे थंड देशांतल्या खोल्या धरून सांगितले जातात आणि आपल्याकडचे लोक ते वाचून मे महिन्यात हीटिंग बल्ब विकत आणतात. सांगलीत उन्हाळ्यात पिल्लू तापवायचं नसतं, निववायचं असतं. पिंजरा घरातल्या सर्वांत खालच्या, उत्तरेकडच्या खोलीत, मागे ओलं गोणपाट, दुपारी दोन जास्तीचे फवारे. यूव्हीची नळी मात्र चालू. साताऱ्यात, वाईत जरा सुसह्य. हिवाळ्यात उलट : पहाटे खोली पंधराच्या खाली जात असेल तर पिंजरा आतल्या खोलीत घ्या, पण रात्री उजेड देणारा लाल-निळा बल्ब नको. त्याला झोपायला काळोख लागतो.

वाटीत पाणी ठेवलंय, पण पीतच नाही.

पिणारही नाही. साचलेलं पाणी त्याला पाणी वाटतच नाही. त्याला पानावर हलणारा, चमकणारा थेंब लागतो. न्हाव्याकडे असते तसली फवाऱ्याची बाटली घ्या आणि दिवसातून तीन-चार वेळा पानांवर मारा, थेंब ओघळेपर्यंत. अंगावर रोखून मारू नका. मग दोन पावलं मागे सरकून गप उभे राहा. आधी एक डोळा थेंबाकडे फिरतो, दुसरा तुमच्यावरच असतो. मग ते ओठ पुढे करून पानाला लावतं आणि प्रत्येक घोटाला मान किंचित वर करतं. काही पिल्लं सुरुवात करायलाच पाच मिनिटं घेतात, आणि माणसं दोन मिनिटांत फवारा थांबवून निघून जातात.

सिरिंजने तोंडात पाणी सोडू नका. श्वासनलिकेचं भोक जिभेच्या बुडाशी, तोंडातच असतं. जोर झाला की पाणी फुप्फुसात. डोळे खोल गेलेत, कातडीची चिमूट उभीच राहते, पिल्लू हलत नाही, अशा अवस्थेत डॉक्टर कातडीखालून सलाईन देतात. त्याला घरचा पर्याय नाही.

दोन दिवस खाल्लं नाही. भरवू का?

दोन-तीन महिन्यांचं पिल्लू रोज दहा-पंधरा बारीक किडे सहज उडवतं. कात टाकताना एखादा दिवस खात नाही, ते चालतं. दोन दिवस कोरडे गेले तर आधी तापमान बघा, कारण गार पडलेल्या सरड्याला अन्न पचत नाही आणि त्यालाही ते कळतं. मग किड्याचा आकार बघा : पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा नको. किडा बदलूनही बघा, रोज तेच खाऊन ते कंटाळतात. हे सगळं ठीक असूनही तिसरा दिवस उजाडला तर डॉक्टर. जबडा उघडून भरवायचा प्रयत्न तर करूच नका. हाडं मऊ असतील तर जबडा तुमच्या हातात मोडेल. हे मी ऐकीव सांगत नाही, पण त्यावर जास्त लिहिणार नाही.

किडे कुठून आणायचे? शेतात नाकतोडे भरपूर आहेत.

कुठल्या शेतात, यावर सगळं आहे. तासगाव-मिरज पट्ट्यात द्राक्षबागेच्या जवळपासचा एकही किडा नको. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत किती फवारण्या होतात हे तुम्हाला मी सांगायला नको. उसाच्या शेतातही कीटकनाशक आणि तणनाशक असतंच. औषध खाऊन सुस्त झालेला नाकतोडा हातात लवकर सापडतो, आणि तोच आपण आनंदाने घरी आणतो. मी असं एक पिल्लू संध्याकाळी थरथरताना पाहिलंय, सकाळपर्यंत ते राहिलं नाही. फवारणी होत नाही अशी स्वतःची परसबाग असेल तर तिथले बारीक नाकतोडे उत्तम.

बाकी रातकिडे आणि मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या) आता कुरिअरने येतात. मीलवर्म फक्त अधूनमधून, कारण त्यांचं कवच जड. बारीक पिल्लांसाठी चिलटं : बरणीत पिकल्या केळ्याचा तुकडा ठेवा, दोन दिवसांत बरणी भरते. जिल्ह्यात तुती लावून रेशीम करणारे शेतकरी आहेत. ओळखीतून मिळणाऱ्या लहान रेशीम अळ्या मऊ, पाणीदार आणि आजारी पिल्लाला फार मानवणाऱ्या. फक्त अळ्यांच्या बिछान्यावर निर्जंतुक करायची भुकटी मारलेली नाही ना, हे विचारून घ्या.

काजवे कधीही नाही. वळवाच्या पावसानंतर ते दिसू लागतात, पोरं हौसेने पकडून आणतात. काजव्याच्या अंगात असं विष असतं की एक काजवा सरडा मारायला पुरतो.

आणलेल्या किड्यांना आधी एक दिवस चांगलं खाऊ घाला, तेच पुढे पिल्लाच्या पोटात जातं. शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा. पालक नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. रात्री पिंजऱ्यात रातकिडे मोकळे ठेवू नका. झोपलेल्या पिल्लाला कुरतडतात.

जंतासाठी गुरांचं इंजेक्शन पोटातून देतात म्हणे?

कोण म्हणे? हिशेबच करू. गुरांसाठी मिळणाऱ्या १ टक्का आयव्हरमेक्टिनच्या एका मिलीलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असतं. गुरांची मात्रा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. तीच सरड्याला लावली असं क्षणभर धरलं, तरी १५ ग्रॅमच्या पिल्लाला लागेल ०.०००३ मिलीलिटर. इन्शुलिनच्या ४० युनिटवाल्या सिरिंजवरची एक रेघ म्हणजे ०.०२५ मिलीलिटर. म्हणजे सर्वांत बारीक रेघेइतकं दिलं तरी ऐंशीपटीहून जास्त. कासवांना तर हे औषध योग्य मात्रेतही जीवघेणं ठरतं.

आधी विष्ठा तपासायची. ताजी, स्वच्छ डबीत, वाळू न देता, फ्रीजरमध्ये नव्हे तर गार जागी ठेवून त्याच दिवशी द्यायची. सुतासारखे जंत आणि कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) यांची औषधं वेगळी आहेत. न बघता दिलेलं औषध म्हणजे अंधारात दगड.

पण इथे कोणता डॉक्टर सरडा बघणार?

हीच खरी अडचण. आपल्याकडचे पशुवैद्य गाय-म्हैस, शेळी, कुत्रा यांत पारंगत. पिल्लू टेबलावर ठेवलं की काहीजण हसतात, काहीजण टेबलापासून लांब सरकतात. पण माझा अनुभव असा की प्रामाणिक डॉक्टर असेल तर “मी हे कधी पाहिलं नाही” म्हणतो आणि पुण्याच्या जाणकाराला फोन लावून देतो. असा डॉक्टर धरून ठेवा. न बघताच “एन्रो” (एन्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक) मारणाऱ्यापेक्षा तो लाख पटीने बरा. सरड्यांच्या शरीरात औषध सावकाश फिरतं, काही प्रतिजैविकं तीन दिवसांतून एकदाच देतात. त्यामुळे कुत्र्याचा डोस वजनाने भागून चालत नाही.

विष्ठा तपासायला सरड्यांचा तज्ज्ञ लागत नाही, सूक्ष्मदर्शक लागतो. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आपल्या येडेमच्छिंद्रच्या नानांच्या नावाचं. पुणे-सातारा हमरस्त्यालगत असल्याने कराड-साताऱ्याच्या लोकांना तर सोयीचं. जायच्या आधी फोन करून विचारा. परदेशी पाळीव प्राणी बघणारे डॉक्टर पुण्यात आहेत. त्यांचा नंबर पिल्लू धडधाकट असतानाच मिळवून ठेवा.

एवढ्या लांब न्यायचं कसं?

झाकणाला भोकं पाडलेला लहान डबा, आत धरायला एक आडवी काडी, तळाला ओलसर टिश्यू, वरून सुती पिशवी. अंधारात ते शांत राहतं. पहाटेच निघा. गाडीत एसीच्या झोतासमोर नको, डिकीत नको, मांडीवर. सोबत वजनाची वही, वापरत असलेल्या पावडरीचे डबे आणि पिंजऱ्याचा, नळीचा फोटो न्या. चांगला डॉक्टर पिल्लाच्या आधी पिंजऱ्याबद्दल विचारतो.

लाईट गेली तर? पुराच्या वेळी काय केलंत?

दोन-तीन दिवस यूव्ही नसली तर काही बिघडत नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी आलं तेव्हा आम्ही नातेवाइकांकडे वरच्या मजल्यावर होतो, लाईट नव्हती, पिल्लू कपडे वाळत घालायच्या स्टँडवर मनीप्लांटची कुंडी बांधून ठेवलं होतं. खाणं रोज पाच किड्यांवर आणलं, कारण गारव्यात पचत नाही. पाणी मात्र उकळून, निववून फवारलं. अडचण झाली ती किड्यांची. रातकिड्यांचा डबा घरीच राहिला होता.

काळं पडलंय. विष चढलं का?

काळा रंग म्हणजे गारठा, भीती, राग किंवा वेदना. हा सरडा मागच्या भिंतीशी जुळवून घ्यायला रंग बदलत नाही, आपल्या म्हणींनी त्याच्यावर तेवढा अन्याय केलाय. सकाळी गडद होऊन ऊन शोषणं नेहमीचं. दिवसभर काळपट असेल तर पिंजऱ्याबाहेर काय आहे ते बघा : आरसा, मांजर, दुसरा शॅमेलिऑन, दिवसभर डोकावणारी शेजारची पोरं.

दोन पिल्लं एकत्र ठेवली तर सोबत होईल ना?

होणार नाही. एक खाईल, दुसरं बघत बसेल आणि वाळत जाईल. एकमेकांना दिसणारही नाहीत असे ठेवा.

कात अडकलीय, ओढून काढू?

नको. दिवसाचे फवारे वाढवा. बोटांवर, शेपटीच्या टोकावर कडं करून राहिली आणि पुढचा भाग सुजला, तर डॉक्टर.

पिंजऱ्यात कोणती झाडं ठेवावीत?

मनीप्लांट, जास्वंद. व्हेल्ड पानंही खातो, म्हणून विचारून ठेवलंत ते बरं केलं. कण्हेर, घाणेरी, रुई अजिबात नको. नर्सरीतून आणलेलं झाड धुऊन महिनाभर बाहेर ठेवा, त्यावरही फवारणी झालेली असते.

बांधावर घोयऱ्याचं पिल्लू सापडलंय, अशक्त वाटतं. बरं होईपर्यंत पाळू?

घोयरा म्हणजे आपला भारतीय शॅमेलिऑन. तो वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. पकडणं, पाळणं, विकणं हा गुन्हा, “बरं होईपर्यंत” सुद्धा. शिराळ्याच्या जिवंत नागांच्या नागपंचमीमुळे हा कायदा आपल्या जिल्ह्यात पोराटोरांनाही ठाऊक आहे.

शिवाय ते अशक्त नसतंच बहुतेकदा. घोयरा चालतोच तसा, पुढे-मागे झुलत, वाऱ्यावरच्या पानासारखा. आणि ते पोरकंही नाही. मादी जमिनीत अंडी पुरून निघून जाते, पिल्लं पहिल्या दिवसापासून स्वतःची असतात. रस्त्यावर असेल तर काडीवर घेऊन जवळच्या झुडपात सोडा. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात ना, तेवढी त्याला मिळवून द्या. खरंच जखमी असेल, गाडीखाली आलं असेल, मांजराने धरलं असेल, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. तो विषारी नाही, फुंकल्याने कुणी आंधळं होत नाही. भीतीपोटी दगड घालणाऱ्यांना एवढं सांगितलंत तरी पुष्कळ.

मग परदेशी शॅमेलिऑन पाळणं कायदेशीर आहे?

नोंद असेल तर. व्हेल्ड आणि पँथर हे दोन्ही शॅमेलिऑन साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात. १९७२च्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि फेब्रुवारी २०२४च्या नियमांप्रमाणे असे प्राणी सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदवावे लागतात. माझ्या दोघांची नोंद आहे. कागद न देणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नका. रानातून पकडलेलं पिल्लू असं सर्रास गळ्यात मारलं जातं, आणि ते जंतांनी भरलेलं असतं.

घरात दोन वर्षांची नात आहे. काही लागण?

सरड्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू येऊ शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांनी आणि गरोदर बाईने हाताळू नये. बाकीच्यांनी साबणाने हात धुवावेत. पिंजऱ्याच्या वस्तू स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायच्या नाहीत, यावरून आमच्याकडे एकदा मोठं महाभारत झालंय.

बरं व्हायला किती दिवस?

जंत असतील तर औषधानंतर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी, मग वजन चढायला लागतं. फुप्फुसांचा संसर्ग तीन-चार आठवडे खातो. हाडांना महिने लागतात. वाकलेलं हाड सरळ होत नाही, वाकलेलंच घट्ट होतं.

माझ्या दुसऱ्या पिंजऱ्यातला नर कराडच्या एका मुलाने कंटाळून दिलेला. आला तेव्हा १९ ग्रॅम, चारही पाय धनुष्य. पाच महिने तो टॉवेलवर आणि जमिनीलगतच्या फांदीवर राहिला. आता सर्वांत वर बसतो. डावा हात कोपरात वाकडाच आहे, त्या हाताने तो फांदी धरत नाही, नुसता टेकवतो. परवा वजन केलं, १४२ ग्रॅम. काट्यावरून उतरताना चावला.